चावी कोण देणार?

घड्याळदुरुस्तीच्या धंद्यात एक अनुभव सगळ्याच कारागिरांना येतो. बाजारात ज्याला कवडीची किंमत नाही, त्याच घड्याळाचा मालक काउंटरसमोर सगळ्यात जास्त वेळ उभा राहतो. महागडं घड्याळ आणणारा फोनवर बोलता बोलता ते काचेवर ठेवतो आणि 'झालं की मिस कॉल द्या' म्हणून निघून जातो. एचएमटीची 'जनता' आणणारा मात्र स्टूल ओढून बसतो. मी मागचं झाकण उघडलं की तोही मान पुढे काढतो. आणि मग ते वाक्य येतंच : "भाऊ, चालू करून द्या, पण आतलं काही बदलू नका. बाबांची घडी आहे."

माझं दुकान आलापल्लीला. इथल्या चौकातून एक रस्ता अहेरीला जातो, एक सिरोंच्याला, एक भामरागडला आणि एक एटापल्लीवरून हेडरी, सूरजागडाकडे. दुकान म्हणजे पुढे काचेचं काउंटर आणि मागे एक माणूस मांडी घालेल एवढी जागा. अर्ध्या काउंटरवर आता मोबाइलची कव्हरं आणि चार्जर आहेत. घर त्या अर्ध्यावर चालतं. उरलेल्या अर्ध्यावर माझं भिंग, चिमटे, स्क्रू-ड्रायव्हर, पेट्रोलची वाटी आणि लोकांचे मेलेले आईबाप. हे जरा कठोर वाटेल, पण रोज तेच समोर येतं. मनगटावर वेळ बघायला आता कोणाला घड्याळ लागत नाही. त्यामुळे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या घड्याळांपैकी बहुतेकांचा मूळ मालक या जगात नसतो.

आतलं काही बदलू नका, हे लोक इतक्या जिवाच्या आकांताने सांगतात, पण आत काय आहे ते त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. मी ते त्यांना दाखवतो. झाकणाची आतली बाजू उजेडात धरली की बारीक ओरखडे दिसतात. एखादी तारीख, एखादं अक्षर, कधी नुसती खूण. आधीच्या कारागिरांनी टोकदार सुईने कोरलेल्या या नोंदी असतात : या साली उघडलं, हे काम केलं. चंद्रपूरच्या गोल बाजारात माझे वडील बसायचे, तेही असंच कोरायचे. एखाद्या घड्याळात चार-पाच हात दिसतात. म्हणजे कमान एकदा बदललेली, काच दोनदा, चावीचा दांडा कधीतरी, आणि बॅलन्स तर नक्कीच दुसरा. समोर बसलेल्या माणसाच्या बाबांची घडी बाबा जिवंत असतानाच निम्मी दुसरी झालेली होती आणि बाबांना त्याचं काही वाटलं नव्हतं.

आमच्या विहारात 'मिलिंदप्रश्न' वाचला जातो, तेव्हा मला हे झाकण आठवतं. राजा मिलिंद भन्ते नागसेनांना नाव विचारतो. ते म्हणतात, लोक मला नागसेन म्हणतात, पण ते नुसतं नाव. त्यात असा कोणी कायमचा नागसेन सापडणार नाही. राजा चिडतो. भन्ते विचारतात, महाराज, आपण पायी आलात की रथातून? रथातून. मग आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू, दोर, दांडी? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. मग हे सगळं बाजूला सारून उरतं तो रथ का? तेही नाही. शेवटी राजाला कबूल करावं लागतं की या सगळ्या भागांच्या जुळणीला रथ हे नाव मिळालंय, एवढंच.

हे मला मनापासून पटतं. मी रोज रथ सोडवून वाटीत टाकतो. सतरा ज्वेलचं मशीन पेट्रोलमधून काढून कागदावर मांडलं की त्यात घड्याळ कुठेच नसतं. पण नागसेनांना माझ्या काउंटरवर एक दिवस बसवायला हवं होतं, असंही वाटतं. कारण मिलिंद राजा हुशार असला तरी त्याचा रथ त्याच्या मेलेल्या बापाचा नव्हता. तो वाद ऐकून गप्प बसला. माझं गिऱ्हाईक गप्प बसत नाही.

मी एक प्रयोग करून पाहतो. म्हणतो, काका, हीच जनता, हाच डायल, याच्याहून चांगल्या अवस्थेतली माझ्याकडे आहे. ही ठेवा माझ्याकडे, ती घेऊन जा, वरून एक पैसा देऊ नका. आजवर एकानेही अदलाबदल केलेली नाही. माणसं हसतात, काही जण रागावतात. म्हणजे भाग बदलले तर चालतं, कारण ते कळत नाही. पण सगळंच एकदम बदलून दिलं तर चालत नाही, कारण ते कळतं. तर्काच्या दृष्टीने यात काही अर्थ नाही, आणि तरी या लोकांचं काही चुकतंय असं मला म्हणवत नाही.

बरं, ज्या 'बाबांना' हे घड्याळात शोधतात, ते प्रत्येकाला वेगळ्या जागी सापडतात. एका निवृत्त आरागिरणी कामगाराने मला काच बदलू दिली नाही. काचेवर इतके चरे होते की काटे दिसत नव्हते. "ते चरे त्यांच्या हाताचे आहेत जी," तो म्हणाला. आत काहीही करा म्हणाला, आणि मी जवळजवळ सगळंच केलं. दुसरी एक बाई साधं सेलवरचं घड्याळ घेऊन आली. त्याचं मशीन गेलेलं, आणि नवं मशीन पट्ट्याहून स्वस्त पडत होतं. तिने आतलं अख्खं बदलायला लगेच हो म्हटलं, पण घामाने काळा पडलेला, तुटायला आलेला चामडी पट्टा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. मशीनमध्ये बाप कोणालाच सापडत नाही. तो सापडतो काचेवर, पट्ट्यावर, चावीच्या झिजलेल्या दात्यांवर. जिथे जिथे कातडी लागलेली असते, तिथे.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण ती कोणी सांगत नाही. या हळव्या घड्याळांतली कितीतरी हुंड्यात आलेली आहेत. १९६१ साली बंगळुरूला सिटिझन कंपनीच्या मदतीने एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला आणि पुढची पंचवीसेक वर्षं लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि घडी द्यायची रीत पडली. 'कांचन' हवी म्हणून वऱ्हाडी अडून बसायचे. पोरीच्या बापाने सावकाराकडून उचल घेऊन दिलेली ती घडी आज जावयाच्या मुलासाठी 'बाबांची आठवण' आहे. त्या दुसऱ्या म्हाताऱ्याची आठवण त्यात कोणाला येत नाही. भावनेलाही स्वतःच्या सोयीने विसरता येतं. आणखी एक निरीक्षण : बाप आजारी असताना जो फिरकला नाही, तो त्याचं घड्याळ घेऊन सगळ्यात आधी येतो. हे काउंटरच्या मागून दिसतं, म्हणून बोलतो.

मग धम्माच्या दृष्टीने हे सगळं काय? उपादान? वस्तूला चिकटून बसणं? मी जन्माने बौद्ध. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली, तेव्हा माझे आजोबा त्या गर्दीत होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आमच्या घरी पाठ्यपुस्तकासारखा वाचला गेला आणि त्यात आत्मा साफ नाकारलेला आहे. जे आत्माच मानत नाहीत, त्यांनी मनगटाच्या पट्ट्यात बाप शोधावा का?

पण मग नागपूरजवळच्या चिचोलीचं काय करायचं? तिथे शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. त्यांचे कोट आहेत, टाइपरायटर आहे. मी ते पाहायला गेलो आहे. त्या कोटापुढे माणसं बोलायची थांबतात, हे मी पाहिलंय आणि मीही थांबलोय. त्याहून मागे जायचं तर महापरिनिर्वाणानंतर बुद्धांच्या अस्थींवरून सात-आठ राज्यं लढायला उठली होती. द्रोण नावाच्या ब्राह्मणाने आठ वाटे करून भांडण मिटवलं आणि ज्या भांड्याने अस्थी मोजल्या ते रिकामं भांडं स्वतःसाठी मागून घेतलं. पिप्फलिवनाचे मोरिय उशिरा पोहोचले, त्यांना निखारे मिळाले, तर त्यांनी त्या निखाऱ्यांवरही स्तूप बांधला. अनित्यता ज्यांनी शिकवली, त्यांच्या पाठीमागे त्यांचेच अनुयायी मोजमापाचं भांडं जपत होते. यावर हसणारे हसोत. मला त्या द्रोणाबद्दल आपुलकी वाटते. त्याला मिळालेलं भांडं आणि माझ्या गिऱ्हाइकाचा पट्टा एकाच जातीचे आहेत : आत काही नाही, फक्त लागून गेलेलं आहे.

अपरिग्रहाचंही तेच झालं. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचं झेनिथ खिशातलं घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताट लिलावात निघालं आणि विजय मल्ल्यांनी ते १८ लाख डॉलरला घेतलं. वस्तू जमवू नका म्हणणाऱ्याच्या वस्तूंना ही किंमत आली. ते घड्याळ माझ्याकडे सर्व्हिसिंगला आलं असतं तर मी इतरांकडून घेतो तेवढेच पैसे घेतले असते, कारण माझं काम काट्यांशी. पण समजा, न्यूयॉर्कमध्ये कोणी गुपचूप सांगितलं असतं की हे ते नव्हे, अगदी तसंच दुसरं आहे, तर सगळा आकडा त्या क्षणी कोसळला असता. म्हणजे आकडा घड्याळाला लागलेला नव्हता. तो एका गेलेल्या माणसाला लागला होता.

मला हळूहळू असं दिसू लागलं की, ज्याला आपण भावनिक किंमत म्हणतो, ती गैरहजेरीची किंमत आहे. माणूस होता तोवर घड्याळ साधं घड्याळ होतं. बाबा आंघोळीला जाताना ते खिडकीत काढून ठेवायचे, तेव्हा मुलगा त्याला हात जोडत नव्हता. तो माणूस गेला आणि त्याची रिकामी जागा घड्याळात येऊन बसली. आणि ती जागा तशीच राहावी म्हणून कोणाला तरी रोज काही करावं लागतं. हाताने चावी द्यायचं घड्याळ यात फार इमानी आहे. बॅलन्स तासाला अठरा हजार ठोके देतो, पण कमान भरलेली असेल तोवरच. दीडेक दिवस चावी दिली नाही की ते थांबतं. सेलच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि दोन वर्षं कोणाची वाट पाहत नाही. म्हणून जनता नेणाऱ्याला मी सांगतो, शोकेसमध्ये ठेवणार असाल तर दुरुस्तीचे पैसे वाया घालवू नका. रोज सकाळी एका ठरावीक वेळी चावी देणार असाल तर करून देतो. जे चावी देतात, त्यांच्याकडे मला उपादान दिसत नाही. ते एक काम आहे, दिवा लावण्यासारखं. नागसेन त्या दिव्याबद्दलही बोलून गेलेत : रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नसते, वेगळीही नसते. फक्त तेल घालणारा हवा.

इथपर्यंत माझा विचार बरा जुळत आला होता. तो एका माडिया आदिवासी पोराने मोडला.

एटापल्लीच्या पुढे, गट्ट्याच्या रस्त्याला त्याचं गाव. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीवर ड्युटी करतो. हेल्मेट हातात, बुटांवर लाल माती. त्याने खिशातून बापाची एचएमटी काढली. उघडली तर आत तीच लाल पूड. या रस्त्यावरून येणाऱ्या सगळ्याच घड्याळांत हल्ली ती सापडते. चावीच्या भोकातून शिरते, तेलात मिसळते आणि बॅलन्सचं टोक, जे जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं जाड असतं, ते खात बसते. गंमत अशी की, सोनार आणि घड्याळवाले चकाकी आणायला जी लाल पूड वापरतात, ती रसायनाने पाहिलं तर लोहाचा ऑक्साइडच, आणि सूरजागडचं हेमॅटाइट म्हणजेही तेच. बाटलीतून घेतली तर पॉलिश, रस्त्यावरून आली तर झीज.

तर, मी त्याला विचारलं, वापरणार का ठेवणार?

"द्यायची आहे काका."

"कोणाला?"

"त्याचीच आहे. त्यालाच."

बाप महिनाभरापूर्वी वारला होता. एटापल्ली-भामरागड भागात रस्त्याच्या कडेला उभे दगड दिसतात, गेलेल्या माणसाच्या नावाने रोवलेले. तिथे त्या माणसाच्या वापरातल्या वस्तू ठेवण्याची रीत आहे. घडी राहून गेली होती, कारण ती बंद होती. बंद वस्तू कशी द्यायची? म्हणून तो दुरुस्तीला घेऊन आला होता. रानात पावसापाण्यात ठेवायच्या घड्याळासाठी त्याने पूर्ण सर्व्हिसिंग करायला सांगितलं.

मी कारागीर आहे, मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबू, दीड दिवसात थांबेल ती. सेलची नाही. रोज चावी द्यावी लागते."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की विचारणाऱ्याचंच वय त्याला लहान वाटलं असावं. "तो देईल ना चावी," तो म्हणाला.

मी घड्याळ नीट करून दिलं. पूड धुतली, टोकाला तेल दिलं, झाकणात तारीख कोरली. पैसे घेतले, कारण नाही घेतले असते तर त्याला ते आवडलं नसतं. पण त्या उत्तराने माझ्या सगळ्या विचाराचा पाया हलला. माझा सगळा हिशेब गैरहजेरीवर उभा होता. या पोराच्या लेखी बाप गैरहजर नव्हताच. तो दुसरीकडे राहायला गेला होता आणि त्याची एक वस्तू मागे राहिली होती, ती पोहोचवायची होती. यात हळवेपणा नावालाही नव्हता. शेजारच्या गावी राहायला गेलेल्या माणसाचा डबा पोहोचवावा, इतकी सरळ गोष्ट. मी ज्याला भावनिक किंमत म्हणत होतो, ती या घड्याळाला शून्य होती. आणि तरी माझ्या काउंटरवर त्या दिवशी ठेवलेल्या सगळ्या घड्याळांत तेच सगळ्यात काळजीने दुरुस्त करण्यासारखं होतं, कारण त्याचा मालक ते वापरणार होता.

मी आत्मा मानत नाही, भूतप्रेत मानत नाही, बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत. त्या पोराचं म्हणणं खरं, असं मी म्हणू शकत नाही. पण ते भावनिक नव्हतं, हे मात्र मला स्पष्ट दिसतं. एखादी श्रद्धा आपल्याला पटत नसली की आपण तिला पटकन 'भावना' म्हणून टाकतो. हा आदर वाटतो, पण आदर नसतो.

सूरजागडच्या डोंगराबाबत हेच चाललंय, असं मला तेव्हापासून वाटतं. डोंगरावर ठाकूरदेव आहे. दर जानेवारीत सूरजागड इलाक्यातल्या सत्तर गावांची माणसं यात्रेला येतात. त्याच डोंगररांगेत २००७ साली ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा मंजूर झाला, मध्ये बरंच काही घडलं, जाळपोळ झाली, काम थांबलं, आणि २०२१ पासून खाण जोरात सुरू आहे. चौकात चहा पिताना या विषयावर बोलणं निघालं की शहाणी, समंजस माणसं एक वाक्य हमखास बोलतात : "शेवटी तो त्यांच्या भावनेचा प्रश्न आहे." विरोध करणारे ते बोलतात आणि बाजू घेणारेही तेच बोलतात. भावनेचा प्रश्न म्हटलं की तोडगा दिसू लागतो. भावना जपता येते. मंदिर बांधून देता येतं, मूर्ती हलवता येते, एक कोपरा कुंपण घालून सोडता येतो. गेलेल्या माणसाच्या घड्याळाला काचेची पेटी करून देतात, तसं.

पण आठवणीला पेटी चालते. जो तिथे राहतो, त्याला ती कशी चालेल? ठाकूरदेव त्या सत्तर गावांच्या लेखी गेलेला नाही. त्याची आठवण म्हणून डोंगर ठेवलेला नाही. डोंगर त्याचं घर आहे, तो घरात आहे. त्याला 'भावनिक मूल्य' म्हणायचं म्हणजे देव मेला असं आधी ठरवून टाकायचं आणि मग वारसांच्या दुःखाचा हिशेब करायला बसायचं. आठवण कशी जपायची हे या लोकांना कळत नाही, अशातलाही भाग नाही. गोंड वीर बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिली. तिथल्या पिंपळाला दरवर्षी त्या दिवशी लोक वंदन करतात. ती आठवण आहे, गेलेल्या वीराची. तिथे पिंपळ पुरतो. ठाकूरदेवाच्या ठिकाणी पिंपळ पुरणार नाही, हा फरक गोंड-माडिया माणसाला पक्का ठाऊक आहे. गोंधळ आपल्या भाषेत आहे.

ओडिशात नियमगिरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ ला निकाल दिला, तो मला या संदर्भात मोलाचा वाटतो. बॉक्साइटसाठी डोंगर खणायचा होता, डोंगरिया कोंधांचा नियमराजा त्यावर राहतो. न्यायालयाने देव आहे की नाही हे ठरवलं नाही. त्या डोंगरावर त्यांचे धार्मिक हक्क काय आहेत, हे ग्रामसभांना विचारा, असं सांगितलं. बारा ग्रामसभांना विचारलं आणि बाराही नाही म्हणाल्या. देव न मानणाऱ्या माझ्यासारख्याला ही रीत मान्य होण्यासारखी आहे. घड्याळ कोणाचं आणि तो कुठे आहे, हे घड्याळ आणणाऱ्याला विचारायचं. कारागिराने ते ठरवायचं नाही.

तरी डोंगराची आणि घड्याळाची तुलना फार ताणू नये, हेही मला कळतं. तो पोरगा त्याच खाणीवर पगार घेतो. त्या पगारातून त्याने बापाच्या घडीचं सर्व्हिसिंग केलं. ठाकूरदेवाबद्दल त्याला विचारायची माझी हिंमत झाली नाही. माझ्या काउंटरवर आज जी थोडीफार गर्दी आहे, तीही त्या रस्त्यावरून येणाऱ्या पैशाची आहे, आणि माझ्या फुप्फुसातली पूडही तिथलीच. कोणी म्हणेल, मग तू कोणत्या बाजूचा? मी भाषेच्या बाजूने बोलतोय, एवढंच मला निश्चित सांगता येतं. घ्यायचंच असेल तर घर घेतो म्हणा. आठवण जपतो म्हणू नका.

आता ड्रॉवरबद्दल. प्रत्येक घड्याळवाल्याकडे न नेलेल्या घड्याळांचा एक ड्रॉवर असतो. चिठ्ठी बांधलेली, नाव लिहिलेलं, तयार होऊन पडलेली. माणसं येतच नाहीत. बदली होते, भांडणं होतात, काही मरतात. माझे वडील अशी घड्याळं कधी मोडत नसत. दरवर्षी दसऱ्याला ड्रॉवर उघडायचे, पुसायचे, प्रत्येकाला एकदा चावी द्यायचे आणि परत ठेवायचे. "माणूस येते," म्हणायचे. मी मोडतो. २०१६ साली एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचा निर्णय झाला. आता नवा बॅलन्स कुठून आणायचा? ड्रॉवरमधली एक घडी मोडली की बाहेरच्या दोन-तीन चालू होतात. वडिलांना हे आवडलं नसतं. मला ते बरोबर वाटतं, आणि नागसेनांनाही वाटलं असतं, असं मी स्वतःला सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आष्टीकडची एक बाई नवऱ्याची 'पायलट' घेऊन आली. बॅलन्सचं टोक तुटलेलं. मी तिला स्पष्ट सांगितलं की हा भाग नवा मिळत नाही, दुसऱ्या घडीतला काढून टाकावा लागेल.

"दुसरी कोणाची?"

"माहीत नाही ताई. चिठ्ठीवरची शाई उडाली. बरीच वर्षं कोणी न्यायला आलं नाही."

ती थोडा वेळ त्या उघड्या घडीकडे बघत राहिली. मला वाटलं, नको म्हणेल.

"आणि तो आला तर भाऊ?"

"आला तर तुमच्याकडे पाठवीन."

"पाठवा," ती म्हणाली. "पत्ता लिहून घ्या."